धरून ठेवायची दोरी

२०४७ सालच्या मे महिन्यात पारा एकोणपन्नासवर गेला त्या दुपारी सिंदेपारच्या जननी रुग्णालयात यंत्रं एकामागून एक स्वतःचा जीव वाचवत गेली.

पहिला गेला गावाबाहेरच्या उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर. त्याचं तेल मर्यादेबाहेर तापलं आणि तो स्वतःहून लाइनीवरून बाजूला झाला. जळून खाक होण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, अशी त्याची रचनाच होती. मग रुग्णालयाच्या बॅटऱ्यांनी भार उचलला. चाळीस मिनिटांनी बॅटरीखोली पंचावन्न अंशांवर गेली, तेव्हा पेट घेऊ नये म्हणून त्याही बंद झाल्या. बॅटऱ्या गेल्यावर छपरावरच्या सौर पॅनेलची वीज घ्यायला कुणी उरलं नाही. राहिला तो मागच्या अंगणातला, पत्र्याच्या शेडमधला जनरेटर. एक वाजून दहा मिनिटांनी तो सुरू झाला.

कुंदा मेश्राम शेडच्या दाराशी स्टुलावर बसून त्याचा आवाज ऐकत होती. छप्पन्न वर्षांची बाई. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून बाहेर पडली तेव्हा वर्गात तिच्याखेरीज मुलगी नव्हती. त्याला आता सदतीस वर्षं झाली होती. आधी राईस मिलमध्ये आणि मागची वीस वर्षं या रुग्णालयात तिनं विजेची कामं केली होती. इथल्या प्रत्येक तारेला कुठे जोड आहे ते तिला पाठ होतं.

जनरेटरवर कपाटाएवढी एक करडी पेटी बसवली होती. तिचं नाव ‘दक्ष’. जनरेटर केव्हा सुरू करायचा, केव्हा थांबवायचा, हे सगळं दक्षच्या हातात असे. अशा पेट्या पूर्वीही होत्या, पण बिघाड झाल्यावर त्या इंजिन थांबवत. दक्ष बिघाड होण्याआधीच ओळखायचा. बेअरिंगजवळ चिकटवलेल्या तीन सेन्सरमधून तो यंत्राचा थरथराट ऐके, हजारो जनरेटरांच्या आवाजांशी ताडून बघे आणि हे बेअरिंग अजून किती वेळ टिकेल ते सांगे. तिघांपैकी दोन सेन्सरांचं एकमत झालं की तो निकाल देई. निकाल एकदा दिला की बदलत नसे. माणसानं तार हलवून, बटण दाबून धोक्याचा इशारा गप्प करू नये म्हणून तशी सोय मुद्दाम ठेवली होती. दक्ष आल्यापासून देशात जनरेटर फुटून माणूस मेल्याचं एकही उदाहरण घडलं नव्हतं.

दक्षचं हे सगळं तर्कशास्त्र पुण्यातल्या एका कंपनीत यशोधरा मेश्राम हिनं लिहिलं होतं. यशोधरा ही कुंदाची एकुलती एक मुलगी.

दोन वाजून पाच मिनिटांनी दक्षच्या पडद्यावर लाल पट्टी आली. ‘बेअरिंग निकामी होण्याची शक्यता. वीस मिनिटांत यंत्र थांबवले जाईल.’

कुंदा उठली. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक तिनं बेअरिंगच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. बिघडलेलं बेअरिंग आतून खडखडतं, रेती चावल्यासारखं. इथे एकसारखा घुमणारा सूर येत होता. तिनं मग सेन्सरांना बोट लावून बघितलं. भिंतीकडचा घट्ट होता. धुराच्या नळीकडचे दोन्ही किंचित हलत होते. ज्या गोंदानं ते चिकटवले होते तो उन्हानं आणि नळीच्या धगीनं मऊ पडला होता. सैल सेन्सर आपला आपणच थरथरत होता आणि दक्षला वाटत होतं की बेअरिंग थरथरतंय.

तिनं दोन्ही सेन्सर दाबून धरले. लाल पट्टी गेली नाही. निकाल लागून गेला होता.

नवजात बालकांच्या कक्षात सिस्टर हेमलता उईके दोन काचपेट्यांच्या मध्ये उभी होती. पाच बाळं होती, सगळी दिवस भरायच्या आधी जन्मलेली. सगळ्यात लहान बाळ नऊशे ग्रॅमचं होतं. पाचही जणांना श्वासाच्या यंत्राचा आधार होता.

कुंदानं तिला बाजूला घेऊन सांगितलं. “जनरेटर बंद होणार आहे. वीस मिनिटांत.”

“काऊन जी? चांगला तर चालू आहे.”

“चांगलाच आहे. पण दक्षला तसं वाटत नाही. यांच्या यंत्रांच्या आतली बॅटरी किती टिकते?”

“अर्धा तास. जुन्या दोघांची त्याहून कमी.” हेमलताचा आवाज खाली आला. “मग हातानं फुगा दाबून श्वास द्यावा लागेल. डॉक्टर अन्सारी, मी आणि एक नर्स. आम्ही तिघं, बाळं पाच. आणि ताई, लाइट गेल्यावर या खोलीत दहा मिनिटांत भट्टी होईल.”

“वीज कंपनी काय म्हणते?”

“चार वाजतील म्हणते. ट्रान्सफॉर्मर थंड झाल्याशिवाय जोडत नाहीत.”

कुंदानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा शेडकडे निघाली. वाटेतच तिनं यशोधराला फोन लावला.

मायलेकी दर रविवारी बोलत. जेवण, तब्येत, पाण्याची टंचाई. एकवीस वर्षांत यशोच्या वडिलांचा विषय मात्र त्यांच्यात निघाला नव्हता. शालिक मेश्राम राईस मिलमध्ये जनरेटर चालवायचा. यशो अकरा वर्षांची असताना एका सकाळी तो जनरेटर बेफाम सुटला. इंजिनाचा वेग अतोनात वाढला तर ते आपोआप थांबवणारा एक स्विच असतो. त्या स्विचच्या दोन टोकांना कुणीतरी तारेचा तुकडा जोडून ठेवला होता, त्यामुळे स्विच असून नसल्यासारखा झाला होता. फ्लायव्हील, इंजिनाचं जड फिरतं चाक, फुटलं. बंद करायच्या दांड्यापासून दोन पावलांवर शालिक सापडला. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं, ‘चालकाने स्वतः सुरक्षा यंत्रणा निष्प्रभ केली.’ यशोनं पुढे इंजिनिअरिंगला असताना तो अहवाल मिळवून वाचला आणि तेव्हापासून तिच्या खोलीत वडिलांचा फोटो दिसेनासा झाला.

“आई? आज मंगळवारी कसा काय फोन?”

कुंदानं थोडक्यात सगळं सांगितलं. 

“तिसरा सेन्सर काय दाखवतोय?” यशोनं विचारलं.

“सगळं ठीक.”

“तिघं एकाच गोंदानं चिकटवले.” यशो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “एकाच कारणानं दोघं एकदम चुकतील, हे आम्ही धरलंच नव्हतं.” मग तिचा आवाज सरळ झाला. “बेअरिंगचं तापमान सांग. दक्षवरचं नको, हातातल्या थर्मामीटरनं बघ.”

“अठ्ठ्याहत्तर. एवढ्या उन्हात तेवढं असतंच.”

“खालच्या तोंडातून थोडं ग्रीस काढ. पांढऱ्या कपड्यावर घे.”

कुंदानं खिशातल्या गॉजच्या तुकड्यावर ग्रीस घेतलं, बोटांत चोळलं, उन्हात धरून बघितलं. धातूची चमक नाही, कणी नाही. तसं तिनं सांगितलं.

“मग बेअरिंग चांगलं आहे.”

“ते मी मघापासून सांगतेय. तू मला सर्व्हिसचा क्रमांक दे.”

 दक्षला दुरुस्तीच्या वेळी गप्प बसवणारा एक क्रमांक असे. तो दर तासाला बदलायचा आणि कंपनीत फक्त तिघांना मिळायचा. तो घातला की दक्ष नुसता पाहत राहतो, थांबवत काहीच नाही.

“आई, त्या क्रमांकानं फक्त बेअरिंगचा निकाल जात नाही. सगळं संरक्षण जातं. वेग वाढला तरी दक्ष थांबवणार नाही. तुला कळतंय ना मी काय सांगतेय?”

“कळतंय.”

“मी हा क्रमांक कधीच कुणाला दिलेला नाही. लोक फोन करतात, विनवण्या करतात. फक्त आजचा दिवस, म्हणतात. फक्त हंगाम संपेपर्यंत. बाबांनीसुद्धा स्वतःला हेच सांगितलं असेल. आजचा दिवस, उद्या तार काढून टाकू.”

कुंदा शेडच्या भिंतीला टेकली. पत्रा पाठीला भाजत होता, तरी ती सरकली नाही. लाल पट्टीवर अकरा मिनिटं उरली होती. आत्ता काही न बोलताही क्रमांक मागता आला असता. बाळांचं नाव घेतलं असतं तर यशोनं दिलाही असता कदाचित. पण ज्या हातांत यशो हा क्रमांक ठेवणार होती ते हात कुणाचे आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं.

“यशो, ती तार तुझ्या बाबांनी नव्हती लावली.”

“काय?”

“मी लावली होती. मिलची सगळी वायरिंग माझ्याकडे होती. तो स्विच खोटाच पडत होता, इंजिन उगाच थांबायचं, दिवसातून चारदा. हंगाम होता, धान पडून होतं. मी तारेचा तुकडा लावला. तो म्हणाला, कुंदे, हे राहू देऊ नको. मी म्हटलं, उद्या नवा स्विच आणते आणि काढते.”

“मग?”

“विसरले.”

 इंजिन चालू होतं.

“दुसरं काही कारण नाही,” कुंदा म्हणाली. “दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम निघालं आणि मी विसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. मी पोचले तोवर सगळे धरून चालले होते की त्यानंच लावली. मी बोलले असते तर मला आत टाकलं असतं. तुला बघायला कुणी उरलं नसतं. असं तेव्हा वाटलं. नंतर तू मोठी झालीस, आणि मग बोलायचं धाडस राहिलं नाही.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस.”

“आत्ताच सांगायला पाहिजे. मी तुझ्याकडे तेच मागतेय जे तेव्हा मी केलं. कोण मागतंय ते तुला कळू दे. मग दे नाहीतर देऊ नको.”

लाल पट्टीवर नऊ मिनिटं होती. मग आठ झाली. फोनवर यशोचा श्वास ऐकू येत होता. कुंदानं घाई केली नाही.

“हवेची झडप माहिती आहे ना तुला?” यशो म्हणाली. आवाज कामाचा होता. “इंजिनात हवा जाते तिथली. तिला स्प्रिंग आहे, ती कायम बंद व्हायला बघते. एरवी दक्ष ती विजेनं उघडी ठेवतो. वीज गेली, तार तुटली, काहीही झालं तरी ती आपली आपण मिटते आणि इंजिन गुदमरून थांबतं. सर्व्हिसमध्ये ती तुला हातानं उघडी ठेवावी लागेल. बाजूला दांडा आहे.”

“दांड्याला खीळ घालायची जागा आहे. खीळ घातली की…”

“खीळ घालायची नाही.” यशोनं तिला थांबवलं. “खीळ म्हणजे तोच तारेचा तुकडा. दोरी आहे का?”

“कपडे वाळवायची आहे. मग असं करते, दोरी बांधून बाहेर उभी राहते. वेग वाढला की ओढून बंद करते.”

“नाही. ओढून बंद करायची दोरी नको. धरून ठेवायची दोरी पाहिजे. तू धरलीस तर झडप उघडी, सोडलीस तर बंद. ओढायला माणूस शुद्धीवर लागतं, जागेवर लागतं. बाबा दोन पावलांवर होते, आई. त्यांना फक्त सोडायचं असतं तर ते सोडू शकले असते.”

 कुंदानं नुसतं “हं” म्हटलं.

“खिडकीच्या गजातून दोरी बाहेर घे. फ्लायव्हीलच्या रेषेत उभी राहू नकोस, पाण्याच्या टाकीच्या मागे राहा. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. चक्कर आली तर ती सुटली पाहिजे.”

“सुटली तर आतली बाळं…”

“हो,” यशो म्हणाली. “म्हणून सावलीत बस आणि पाणी पी.”

मग तिनं एक-एक आकडा सावकाश सांगितला.

हेमलतानं दोरी आणून दिली. कुंदानं ती दांड्याला बांधून खिडकीतून बाहेर नेली आणि टाकीमागे धरून उभी राहिली. दोन वाजून चोवीस मिनिटांनी हेमलतानं आत क्रमांक घातला, दक्षच्या पडद्यावर ‘सर्व्हिस’ असं उमटलं, लाल पट्टी पिवळी झाली, आणि त्याच क्षणी दोरीला ओढ बसली. शेडमध्ये कुणी जाऊ नये म्हणून हेमलतानं बाहेर येऊन दाराला कडी लावली. ओढ जड नव्हती. अर्धी भरलेली बादली धरल्यासारखी. कुणीही धरील अशी. पण चार वाजायला दीड तासाहून जास्त वेळ होता.

कुंदा टाकीच्या मागे कडुनिंबाच्या सावलीत विटांवर बसली. फोन समोरच्या विटेवर उभा करून ठेवला होता. कॅमेऱ्यातून यशोला आईचे दोन हात दिसत होते.

पहिली वीस मिनिटं त्या फक्त यंत्राबद्दल बोलल्या. आवाज कसा आहे, धूर कसा आहे.  हेमलता दोनदा येऊन कुंदाच्या डोक्यावर ओला फडका ठेवून गेली आणि मीठ-साखरेचं पाणी पाजून गेली. “बाळं बरी आहेत,” एवढंच ती प्रत्येक वेळी म्हणाली.

तीनच्या सुमाराला कुंदाची बोटं पांढरी पडायला लागली.

“दुसऱ्या कुणाला दे ना,” यशो म्हणाली. “पाच मिनिटं तरी.”

“आवाज ओळखेल असं कुणी नाही इथे. वेग वाढला तर सोडायची, हे सांगता येईल. पण वाढला म्हणजे किती, ते कसं सांगू?”

कडुनिंबाची सावली थोडी सरकली.

“त्यांना काय आवडायचं?” यशोनं विचारलं.

कुंदाला आधी कळलंच नाही. “कुणाला?”

“बाबांना. मला फार थोडं आठवतं. आणि जे आठवत होतं ते मी… ते मी काढून टाकलं होतं.”

कुंदानं दोरीवरची पकड बदलली, आधी एक हात, मग दुसरा. “तलावातले मासे आवडायचे. काटे काढायचा कंटाळा. मी काढून द्यायची. आणि मिलमधून आला की अंगावरचा भुसा झटकायचा नाही, तसाच तुझ्याजवळ यायचा. तू म्हणायचीस, बाबा खाजतात.”

यशोनं हसल्यासारखा आवाज केला आणि लगेच फोनसमोरून बाजूला झाली. थोड्या वेळानं परत आली.

“तो फार सावध माणूस होता, यशो,” कुंदा म्हणाली. “निष्काळजी नव्हता. सायकलला कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचा. मला हे एकवीस वर्षं कुणाला तरी सांगायचं होतं.”

साडेतीनला आवाज बदलला.

घुमणारा सूर एकदम वर चढला.  त्या सकाळी मिलमधला आवाज कुंदानं स्वतः ऐकला नव्हता, पण लोकांनी सांगितला होता, आणि इतकी वर्षं तो तिच्या झोपेत होता. बोटं आपोआप सैल झाली. दोरी वीतभर सरकली.

“आई, काय झालं?”

“वेग वाढलाय.”

यशोलाही फोनमधून काहीतरी ऐकू येत होतं, पण घरघरीत मिसळलेलं. “मला इथून नाही कळत,” ती म्हणाली. “तू ठरव. सोडायची वाटली तर सोड. मी तुला कधीच काही म्हणणार नाही.”

कुंदानं डोळे मिटले. सूर वर होता, पण आणखी वर जात नव्हता. बेफाम सुटलेलं इंजिन थांबत नाही, चढतच जातं. हे चढलं, क्षणभर थबकलं आणि खाली यायला लागलं. तिनं सरकलेली दोरी परत ओढून घेतली. सूर जागेवर आला.

“कुणीतरी मोठं काहीतरी बंद केलं,” ती म्हणाली. “भार एकदम हलका झाला म्हणून उसळलं. बसलं आता.”

खरंच तसं होतं. तळमजल्यावरच्या कुणी तरी वीज वाचावी म्हणून लिफ्ट आणि निर्जंतुकीकरणाचं यंत्र एकदम बंद केलं होतं. हेमलता सांगायला धावत आली, तेव्हा कुंदा विटांवर तशीच बसलेली होती आणि फोनवरची मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडत होती.

चार वाजून नऊ मिनिटांनी रुग्णालयाच्या खिडक्यांत दिवे लुकलुकले. ट्रान्सफॉर्मर परत आला होता. हेमलतानं वरून हात केला, पाच बोटं पसरून. पाचही बाळं.

“सोड, आई,” यशो म्हणाली.

कुंदानं दोरी सोडली. झडप मिटली, इंजिन दोन उचक्या देऊन थांबलं. तिच्या तळहातांची सालं निघाली होती आणि बोटं काही केल्या सरळ होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यशोधरा सिंदेपारला पोचली. तिनं आधी शेडमध्ये जाऊन सैल सेन्सर काढले, पिशवीत घातले, गोंदाचे नमुने घेतले. मग घरी आली. आईच्या हातांवरच्या पट्ट्या सोडून मलम लावलं, पुन्हा पट्ट्या बांधल्या, भात कालवून घास भरवले.  निघताना दारात थांबली.

“मला राग आलाय,” ती म्हणाली. “तो लवकर जाईल असं वाटत नाही.”

“राहू दे.”

“बाबांच्या त्या अहवालाचं काय करणार आहेस?”

“लिहिणार आहे. कारखाना निरीक्षकांना. हात बरा झाला की.”

हात बरा झाल्यावर कुंदानं खरंच लिहिलं, आपल्या अक्षरात, तीन पानं. पत्राची एक प्रत तिनं रुग्णालयाच्या विश्वस्तांना दिली आणि सोबत राजीनामा. विश्वस्तांनी दोन आठवडे विचार केला आणि राजीनामा परत पाठवला. निरीक्षकांच्या कार्यालयातून दोन महिन्यांनी एक माणूस आला, जबाब घेऊन गेला. शिक्षा करण्याइतका पुरावा आणि मुदत दोन्ही उरली नव्हती. पण जुन्या फाइलीला एक पुरवणी जोडली गेली. तिच्यात शालिक मेश्राम यांची चूक नव्हती असं एका ओळीत लिहिलं होतं. त्या पुरवणीची प्रत यशोनं मागवून घेतली. दर रविवारचा फोन मधल्या काळात बंद होता. प्रत मिळाली त्या रविवारी तो आला. यशो फक्त म्हणाली, “वाचलं,” आणि मग नेहमीसारखं जेवणाचं विचारलं.

कंपनीतही तिला उत्तरं द्यावी लागली. क्रमांक का दिला, कुणाला दिला, कशाच्या भरवशावर. तिनं सगळं खरं लिहून दिलं आणि वर एक सूचना जोडली. जिथे यंत्र थांबणं सुरक्षित आहे तिथे दक्षनं थांबवावं. जिथे यंत्र चालत राहणं सुरक्षित आहे तिथे दक्षनं माणसाला विचारावं, आणि माणसानं हो म्हटलं तर ते हो एकदाच म्हणून चालणार नाही, जोवर यंत्र चालेल तोवर म्हणत राहावं लागेल. कागदावर हे सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात एक मूठ बनवायची होती, पेटीला लावायची, आत स्प्रिंग असलेली. धरली तर यंत्र चालेल, सुटली तर थांबेल.

डिसेंबरात यशो ती मूठ घेऊन सिंदेपारला आली. स्प्रिंग किती कडक ठेवायची हे ठरत नव्हतं. फार सैल असली तर झोपेतही धरली जाईल, फार कडक असली तर खरा माणूस थकेल.

“तुझ्या हाताला दोन तास झेपेल एवढीच ठेवायची आहे,” ती म्हणाली. “तू धर. किती जोर लागतो ते हा मापक टिपून घेईल.”

शेडमध्ये थंडीचं ऊन आलं होतं. कुंदानं पेटीपुढे स्टूल ओढलं आणि मूठ धरली. इंजिन सुरू झालं. मापक आपलं काम आपण करत होता, दोन तासांचा आलेख स्वतःच काढणार होता. यशोनं तिथे थांबायची काहीच गरज नव्हती. हेमलतानं वर चहाला बोलावलं होतं, त्या नऊशे ग्रॅमच्या बाळाची आई त्याला दाखवायला घेऊन आली होती. यशो जाऊन बाळाला बघून आली. परतताना दोन कप चहा घेऊन आली आणि लाकडी खोक्यावर आईशेजारी बसली. एक कप तिनं आईच्या मोकळ्या हातात दिला.

“तुम्ही दोघं भेटलात कसे?” तिनं विचारलं. “मिलमध्येच?”

“मिलमध्ये नाही. आयटीआयच्या परीक्षेला. तो फिटरच्या वर्गात होता. माझ्या पेपरच्या दिवशी माझी कंपासपेटी हरवली…”

कुंदा सांगत गेली. कंपासपेटीचं झालं, लग्नाला तिच्या मामानं कसा विरोध केला त्याचं झालं, यशोच्या जन्माच्या वेळी शालिक दवाखान्याच्या बाहेर उभा राहून कसा सगळ्यांना वाटेत थांबवून सांगत होता ते झालं. यशो मध्ये मध्ये विचारत होती, एकदा मोठ्यानं हसली. मापकाची रेघ सरळ चालली होती. शेवटी तो एकदा वाजला.

“दोन तास झाले,” यशो म्हणाली. “सोड आता.”

कुंदानं मुठीकडे बघितलं, मग मुलीकडे.

“थांब जरा,” ती म्हणाली. “तुझ्या बारशाचं सांगायचं राहिलंय.”

यशोनं घड्याळ बघितलं नाही. खोकं थोडं पुढे ओढून ती पुन्हा बसली.